भाषा कोण बदलतं, ते आधी पाहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी एक भाषा, शाळेत दुसरी, नोकरीत तिसरी, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाची 'खरी' भाषा कोणती? त्याची ओळख भाषा घडवते, की ज्यांच्या हातात सत्ता ते ती ठरवून टाकतात? आणि भाषा हे संवादाचं साधनच असेल, तर तिच्यावरून एवढी डोकी का फुटतात?

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. साधनाची कोणाला लाज वाटत नाही. हातोडी जुनी आहे म्हणून कोणी ती पाहुण्यांसमोर लपवत नाही. भाषा मात्र लोक लपवतात. मी सव्वीस वर्षं भाषा-सर्वेक्षणात काम केलं. म्हणजे घरोघरी जायचं, 'तुम्ही कोणती भाषा बोलता' हे विचारायचं, उत्तर तक्त्यात भरायचं, थोडं ध्वनिमुद्रण करायचं आणि पुढे महिनोन्‌महिने ते ऐकत बसायचं. या कामात पहिल्याच वर्षी लक्षात आलं, की दिसायला इतका साधा असलेला हा प्रश्न ऐकताच माणसं दचकतात.

त्या वर्षातला एक प्रसंग सांगते. सत्तरीच्या पुढच्या एक बाई ओट्यावर बसल्या होत्या. मी राजभाषेत विचारलं, "आजी, तुमची भाषा कोणती?" त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मुलानं राजभाषेचं नाव सांगितलं. आजींनी मान डोलावली. मी ते लिहून घेतलं. तेवढ्यात नातू पायरीवरून घसरला आणि आजी त्याच्यावर ओरडल्या. ज्या भाषेत ओरडल्या तिचं राजभाषेशी काही नातं नव्हतं, भाषाकुळसुद्धा वेगळं होतं. मी विचारलं, "ही कोणती भाषा?" आजी हसल्या. "ही कुठली भाषा? हे आपलं नुसतं बोलणं."

भाषा वेगळी आणि 'आपलं बोलणं' वेगळं, हे त्यांना कोणी शिकवलं असेल? शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पण कचेरी, दवाखाना, कोर्ट, बँक अशा जिथे जिथे त्यांचं काम अडलं, तिथे त्यांच्या बोलण्यात एकही कागद नव्हता. जिचे कागद असतात ती भाषा, हे त्यांनी अनुभवावरून ताडलं होतं. आणि खरं सांगायचं तर भाषा आणि बोली यांच्यातली सीमारेषा आमच्या शास्त्रालाही शब्द, व्याकरण किंवा उच्चार यांत कुठे सापडत नाही. ती रेषा बाहेरून आखली जाते.

ती कशी आखली जाते हे पाहायचं तर बाल्कन देशांकडे पाहावं. १९५४ साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या नोव्ही साद इथे लेखक आणि भाषातज्ज्ञांनी करार केला, की सर्ब, क्रोएट आणि मॉन्टेनेग्रिन लोकांची भाषा एकच आहे. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला आणि त्या एका भाषेच्या सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि पुढे मॉन्टेनेग्रिन अशा चार भाषा झाल्या. बोलणाऱ्यांना एकमेकांचं सगळं कळतं, आजही. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपानाचा इशारा तीन भाषांत छापलेला असे. त्यातल्या दोन ओळी रोमन लिपीत, अक्षरन्‌अक्षर सारख्या. तिसरी तीच, फक्त सिरिलिक लिपीत. लोक यावर विनोद करतात, पण तो इशारा तीनदा छापला जाण्यामागे हजारो मृत्यू आहेत. आणि त्याच युद्धातल्या गुन्ह्यांचे खटले द हेगमध्ये चालले, तेव्हा तिथल्या न्यायाधिकरणानं कामकाजासाठी बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन या तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडून 'बीसीएस' ही एकच भाषा धरली. दुभाष्यांचा एकच गट सगळ्यांना पुरला.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. सत्ता म्हटलं की आपल्याला बंदीहुकूम आठवतात. तसे हुकूम निघतात, नाही असं नाही. पण रोजची सत्ता त्याहून शांतपणे काम करते. कामात मी एक सवय लावून घेतली होती. चारजण बोलत बसलेले असताना पाचवं माणूस आलं, की वहीत टिपायचं: कोणाच्या येण्यानं भाषा बदलली आणि कोणाच्या येण्यानं नाही बदलली. एका बैठकीची नोंद अजून आठवते. चौघांच्या गप्पा रंगल्या होत्या. एक अधिकारी आला. त्याला चौघांची भाषा येत नव्हती, आणि अर्ध्या मिनिटात चौघेही त्याच्या भाषेत बोलायला लागले, आपापसातसुद्धा. तो गेल्यावर गाडी पुन्हा मूळ भाषेवर आली. मग एक हमाल येऊन टेकला. त्यालाही ती भाषा येत नव्हती. त्याच्यासाठी कोणी भाषा बदलली नाही. तो ऐकत बसला. सगळे हसले की एक क्षण उशिरा तोही हसायचा.

जुळवून घेण्याचं ओझं कोणावर पडतं, हे बघितलं की सत्ता कुठे आहे ते कळतं. भाषेच्या राजकारणावर माझ्याकडे सांगण्यासारखं असं हे एकच आहे, बाकी सगळं याचे फाटे आहेत. कायम दुसऱ्याच्या भाषेकडे वळणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की आपली भाषा घरात वापरायची वस्तू आहे. ज्याला कधीच वळावं लागत नाही, त्याला आपल्याला 'भाषा' आहे हेच जाणवत नाही. आपण सरळ बोलतो आणि वेगळेपणा काय तो इतरांच्या बोलण्यात आहे, असं त्याला वाटतं. गंमत बघा, 'हे आपलं नुसतं बोलणं' असं आजीही म्हणतात आणि अधिकारीही म्हणू शकतो. आजींच्या तोंडी त्याचा अर्थ 'हे मोजण्यासारखं नाही', आणि अधिकाऱ्याच्या तोंडी 'बाकीचं सगळं यावरून मोजायचं'.

वरचा माणूस खाली वळला तर काय होतं? त्याचं कौतुक होतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियेर बोर्दिओ यांनी याचा एक फर्मास नमुना टिपला आहे. १९७४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पो शहराच्या महापौरांनी एका स्थानिक कवीच्या सन्मानसमारंभात तिथल्या बेआर्नेज भाषेत भाषण केलं. श्रोते भारावून गेले. श्रोत्यांची स्वतःचीही तीच भाषा. मग भारावण्यासारखं काय होतं? एखादा शेतकरी त्याच भाषेत बोलला असता तर कोणी ढुंकून पाहिलं नसतं. महापौरांना फ्रेंच उत्तम येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांचं वळणं हे औदार्य ठरलं. निवडणुकीच्या सभेत पहिली दोन वाक्यं स्थानिक भाषेत बोलून टाळ्या घेणारे पुढारी जगात सगळीकडे आहेत. तिसऱ्या वाक्याला ते कोणती भाषा धरतात तिकडे लक्ष ठेवा.

हे ओझं माणसाच्या आत किती खोल उतरतं, यावर १९६० साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एक प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्यांकडून एकच उतारा फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत वाचून घेतला आणि तो विद्यार्थ्यांना ऐकवला. दोन्ही आवाज त्याच माणसाचे आहेत हे त्यांना सांगितलं नाही. फक्त आवाजावरून माणूस कसा वाटतो ते सांगायचं. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी इंग्रजी आवाजाला जास्त गुण दिले, यात नवल नाही. पण फ्रेंच बोलणाऱ्यांनीही तेच केलं. तोच माणूस इंग्रजीत बोलला की त्यांना जास्त हुशार, भरवशाचा, देखणा, चक्क उंच वाटला. फ्रेंच आवाजाच्या वाट्याला त्यांनी दोनच गुण राखून ठेवले: मायाळूपणा आणि धार्मिकपणा.

मी शिकवताना या दोन गुणांपाशी नेहमी थांबते. सत्ताहीन भाषेला समाज शिव्याच देतो असं नाही. तिला 'गोड' म्हणतो, 'मायेची' म्हणतो, तिच्यातल्या ओव्या-म्हणी गोळा करतो, तिचा दिवस साजरा करतो. फक्त तिच्यात निकालपत्र लिहीत नाही. तुमच्या घरच्या भाषेचं कोणी फार प्रेमानं कौतुक करायला लागलं, तर त्या कौतुकात बुद्धी, अधिकार, विज्ञान हे शब्द येतात का ते बघा.

माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे होते, तरी मोठ्या कंपन्यांच्या वरच्या मजल्यांवर इंग्रजी चाले आणि कमाईतही इंग्रजी बोलणारे पुढे होते. फ्रेंच बोलणाऱ्याला 'स्पीक व्हाइट', म्हणजे गोऱ्यांची भाषा बोल, असं हिणवलं जाई. आणि हिणवून घेणाराही गोराच असे. वंशाचा शब्द भाषेला चिकटवला की माणसाचा रंगसुद्धा बदलता येतो, तो असा. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनं (लोक तिला 'बिल १०१' म्हणतात) कामाची, पाट्यांची आणि स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेची भाषा फ्रेंच केली. या कायद्यावर खूप टीका झाली, त्यातली काही रास्तही आहे. पण माझ्या मोजपट्टीनं पाहिलं तर त्यानं एक नेमकी गोष्ट केली: वळण्याचं ओझं एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर दिलं. आधी स्थलांतरित कुटुंबं मुलांना बहुतांशी इंग्रजी शाळेत घालत. नंतर ती मुलं फ्रेंच शाळेत जाऊ लागली.

शाळा आली की मला वेल्समधली लाकडी पाटी आठवते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अनेक शाळांत 'वेल्श नॉट' नावाचा प्रकार होता. जे मूल वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचा. दिवसभरात दुसरं कोणी वेल्श बोलताना ऐकू आलं, की तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. जपाननं ओकिनावातल्या शाळांत पुढे जवळपास हाच प्रकार चालवला, तिथे त्याला 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी, म्हणत. या युक्तीची रचना नीट बघा. मास्तरांना फार काही करावं लागत नाही. आपली सुटका करून घ्यायची तर प्रत्येक मुलानं दुसऱ्याच्या तोंडाकडे कान लावून बसायचं. आणि वेल्समध्ये हे करा असा सरकारी हुकूम कधी नव्हता. शिक्षक स्वतः बहुधा वेल्श भाषकच असत आणि मुलाला चांगली इंग्रजी यावी म्हणून पालकांचीही त्याला ना नसे. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण नोकरीचं दार एकाच भाषेत उघडत असेल, तर आईबाप आपल्या लेकराला दुसऱ्या दारापाशी कशाला उभं करतील?

म्हणूनच 'लोकांना भाषेचं प्रेम राहिलं नाही' ही तक्रार मला पटत नाही. प्रेम असतं. पण प्रेमापोटीच आई मुलाशी आपल्या भाषेत बोलणं थांबवते, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की मोजदाद सोडून दिली.

पूर्व पाकिस्तानची कथा बहुतेकांना ठाऊक असते, पण ती भावनेच्या अंगानंच सांगितली जाते. १९५१ च्या जनगणनेनुसार पाकिस्तानात निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली होती, तर उर्दू मातृभाषा असणारे चार टक्क्यांहूनही कमी. तरी २१ मार्च १९४८ ला ढाक्यात जीनांनी सांगितलं की राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच. सांगितलं इंग्रजीत, आणि त्यांची स्वतःची मातृभाषा गुजराती. (सत्तेची भाषा पुकारणाऱ्याला ती स्वतःच्या आईकडून मिळालेली असावी लागत नाही, हे यातलं फारसं कोणी न सांगितलेलं सत्य.) चिडण्याचं कारण कवितेत नव्हतं. नव्या देशाच्या नोटांवर, तिकिटांवर बंगाली नव्हती, आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या विषयांतूनही ती वगळली गेली होती. बंगाली पदवीधराला एका रात्रीत अर्धशिक्षित करण्याचा हा प्रकार होता. २१ फेब्रुवारी १९५२ ला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला जागा मिळाली. १९७१ मध्ये वेगळा देश झाला. युनेस्कोनं १९९९ मध्ये २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला.

सगळे इथे थांबतात. मी १९७१ च्या एकच वर्ष पुढे जाते. १९७२ मध्ये बांगलादेशाची घटना लिहिली जात असताना नागरिकांना 'बंगाली' म्हटलं जाईल असं ठरलं. चितगाव डोंगराळ भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लार्मा घटनासभेत उभे राहिले आणि म्हणाले की मी चाकमा (त्या भागातला एक आदिवासी समाज) आहे, बंगाली नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. ज्या समाजानं भाषेसाठी रक्त सांडलं होतं, त्यानंच वर्षभरात दुसऱ्याला आपल्या नावाच्या चौकटीत बसवलं.

हे एका देशापुरतं नाही. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्सला, म्हणजे डच वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या भाषेला, एकेकाळी 'स्वयंपाकघरातली डच' म्हणून हिणवत. ब्रिटिश अमलात ती बोलणाऱ्या मुलांना शाळेत कमी लेखलं जाई. १९२५ मध्ये ती अधिकृत झाली आणि पन्नास वर्षांच्या आत त्याच भाषेच्या सरकारनं कृष्णवर्णीय मुलांचे निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याचा हुकूम काढला. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीतली मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. आता एक बारीक गोष्ट: मुलांना आफ्रिकान्सऐवजी हवी होती ती प्रामुख्यानं इंग्रजी. तीही परकी, तीही राज्यकर्त्यांचीच. पण ती दूरवर नेणारी होती, आणि आफ्रिकान्स त्यांना समोर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिपायाची वाटत होती. १९९६ च्या घटनेनं अकरा भाषांना अधिकृत दर्जा दिला, २०२३ मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. कागदावर दर्जा सगळ्यांना सारखा आहे. उच्च शिक्षण आणि मोठे व्यवहार आजही मुख्यतः इंग्रजीत चालतात.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याबद्दल, म्हणजे मोजणीबद्दल. इथे सत्ता सर्वांत सभ्य कपड्यात येते.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावं सांगितली. ती छाननी करून १,३६९ मातृभाषांवर आणली गेली, आणि त्यांची मांडणी १२१ भाषांच्या खाली झाली. दहा हजारांहून कमी भाषक असलेली भाषा वेगळी दाखवली जात नाही, ही पद्धत १९७१ पासूनची. आता 'हिंदी' या शीर्षकाचा आकडा बघा: सुमारे ५२.८ कोटी. त्यात स्वतःची भाषा 'हिंदी' अशी सांगणारे सुमारे ३२.२ कोटी. उरलेल्यांत भोजपुरी सांगणारे पाच कोटी, राजस्थानी सांगणारे अडीच कोटींच्या वर, शिवाय छत्तीसगढी, मगही आणि आणखी पुष्कळ. या माणसांनी एक नाव सांगितलं आणि तक्त्यानं त्यांना दुसऱ्या नावाखाली बसवलं. मैथिलीचंही असंच होतं. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती आठव्या अनुसूचीत गेली आणि जनगणनेत वेगळी दिसू लागली. मधल्या काळात मैथिलीत कोणता नवा स्वर वा प्रत्यय आला? काही नाही. फाइल सरकली.

पण लोक नुसते मोजले जात नाहीत, तेही उत्तरातून काहीतरी साधतात. १९६१ च्या जनगणनेत पंजाबमधल्या अनेक पंजाबी बोलणाऱ्या हिंदूंनी मातृभाषा हिंदी सांगितली, कारण पंजाबी सांगणं म्हणजे पंजाबी सुभ्याच्या, म्हणजे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्याच्या, बाजूनं मत देण्यासारखं झालं होतं. सुभा १९६६ मध्ये झालाच. जनगणनेच्या सूचनापुस्तिकेत यासाठी एक कलम आहे, ते मला फार आवडतं: एखाद्या संघटित चळवळीमुळे लोक मातृभाषा खरी सांगत नाहीत असा संशय आला तरी प्रगणकानं सांगितली तीच लिहावी, स्वतःहून दुरुस्ती करू नये, आणि वरिष्ठांना कळवावं. भाषेबद्दल माणूस 'खोटं' बोलू शकतो, आणि ते खोटंही त्याच्या ओळखीचा भाग म्हणून नोंदवायचं, हे कोणा कारकुनाला कळलं होतं. बेल्जियमला हा धीर झाला नाही. तिथे डच की फ्रेंच अशा भाषावार मोजणीवरून गावांची प्रशासकीय भाषा बदलायची. १९४७ च्या मोजणीचे निष्कर्ष बाहेर यायला १९५४ उजाडलं, एवढा गोंधळ झाला. शेवटी १९६१ मध्ये तो प्रश्नच जनगणनेतून काढला आणि पुढच्या वर्षी भाषिक सीमा कायमची आखून टाकली.

'मातृभाषा' या शब्दालासुद्धा फार हळवेपणानं घेऊ नका. सिंगापूरच्या शाळांत मातृभाषा हा विषय आहे, आणि तो मुलाच्या वंशावरून ठरत आला आहे. वंश बहुधा वडिलांचा. चिनी घरातलं मूल, तर मातृभाषा मँडरिन. मग आई त्याच्याशी होक्कियन बोलो की कँटोनीज. १९७९ मध्ये 'मँडरिन बोला' मोहीम सुरू झाली. २०१० मध्ये घरी मुख्यतः अशा चिनी बोली बोलणारे १४.३ टक्के होते, २०२० मध्ये ८.७ टक्के राहिले. म्हणजे कित्येक घरांत आजी आणि नातवंडं यांच्यात दुभाषी लागतो, आणि नातवंडाच्या प्रगतिपुस्तकात मातृभाषेचे गुण मात्र चांगले असतात.

इंडोनेशियानं वेगळी वाट काढली. १९२८ च्या तरुणांच्या शपथेत त्यांनी एकतेची भाषा निवडली ती मलय, जी त्या मानानं थोड्यांची घरची भाषा होती. सर्वांत मोठा गट जावानी बोलणाऱ्यांचा, तरी जावानी नाही. एक कारण तिच्या घडणीतच आहे. जावानीत समोरच्याचा दर्जा ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही: 'जेवणे' म्हणायचं तर बरोबरीच्याशी 'मंगन', आदरानं 'नेढा', मोठ्या माणसाच्या जेवणाबद्दल 'धहर'. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांतून निवडताना जीभ क्षणभर अडखळते, तो अडखळा तिथे रोजच्या कितीतरी क्रियापदांना आहे. मलयमध्ये तेवढी उतरंड नव्हती. सगळेच थोडेथोडे वळले, कोणा एकावर ओझं नाही. हा माझ्या मते विसाव्या शतकातला भाषेबद्दलचा सर्वांत शहाणा राजकीय निर्णय आहे. किंमत मोजावी लागलीच: शहरांतल्या नव्या पिढीला जावानीचं आदरार्थी बोलणं नीट येत नाही आणि म्हातारी माणसं त्याबद्दल हळहळतात.

एवढा सगळा नकाशा फिरून झाल्यावर एका खोलीत चला. काही वर्षं मी दवाखान्यात दुभाष्याचं काम केलं. एकदा मला बोलावण्याआधीच डॉक्टरांनी काम सुरू केलं होतं. रुग्ण बाईंबरोबर त्यांची अकरा वर्षांची मुलगी होती आणि तीच भाषांतर करत होती. मी दारात उभी राहून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? आई जवळजवळ मिनिटभर बोलली: तीन महिने झाले, पाळी थांबत नाही, घरात कोणाला सांगितलं नाही, भीती वाटते. मुलगी डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "पोट दुखतं म्हणते." तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आईला कळलं की मिनिटभराच्या बोलण्याचे तीन शब्द झाले. तिनं मुलीकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. नंतर मी मध्ये पडले, तपासणी नीट झाली. पण निघताना औषधांचा कागद मुलीच्या हातात होता आणि आई तिच्या मागून चालत होती.

ती आई आपल्या भाषेत कशी होती ते मी नंतर बाकावर बसून ऐकलं: फटकळ, विनोदी, शेजारणीच्या नकला करणारी. डॉक्टरांच्या खोलीत ती 'पोट दुखणारी बाई' होती. ओळख बदलणं म्हणतात ते हे. माणूस आतून तोच असतो, पण दुसऱ्या भाषेत त्याला स्वतःचा जेमतेम तुकडा पोहोचवता येतो आणि जग त्या तुकड्यालाच पूर्ण माणूस समजतं. आणि मुलीची ओळख? अकराव्या वर्षी ती घरातली कर्ती झाली. तिला तो अभिमानही असतो, ओझंही असतं. पुढे ती 'घरची' भाषा टाळायला लागली तर तिला भाषेची लाज वाटते असं लोक म्हणतील. मला वाटतं तिला आठवत असेल तो आईचा गप्प झालेला चेहरा.

आता तुमचा पहिला प्रश्न: तिघींपैकी खरी कोणती? हा प्रश्न मुळात तुमचा नाही, तो फॉर्मचा आहे. फॉर्मवर एकच रकाना असतो म्हणून आपल्यालाही वाटतं की आत एकच काहीतरी असलं पाहिजे. कॅनडाच्या जनगणनेत एकाहून जास्त मातृभाषा नोंदवता येतात आणि त्यानं आकाश कोसळलेलं नाही. तीन भाषांचा माणूस फुटलेला नसतो. पॅराग्वेत बहुसंख्य लोक ग्वारानी बोलतात, त्यातले बहुतेक स्वतःला मूलनिवासी म्हणवत नाहीत, आणि थट्टा, प्रेम, शिव्या ग्वारानीत तर सरकारी काम स्पॅनिशमध्ये ही वाटणी त्यांना जन्मापासून ठाऊक असते. त्यांना अडचण होते ती या वाटणीत ग्वारानीच्या वाट्याला फक्त घर आणि अंगण येतं तेव्हा. १९९२ च्या घटनेनं ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीनं अधिकृत केलं ते त्यामुळेच.

तुम्ही आठवडाभर एक वही करा. आज मी कोणासाठी भाषा बदलली? माझ्यासाठी कोणी बदलली? कोणती गोष्ट एका भाषेत सांगता आली नाही म्हणून गिळली? आकडेमोड मनात कोणत्या भाषेत होते हेही लिहा. ती बहुधा शाळेची भाषा निघेल आणि त्यावरून तुमच्या हृदयाबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. पाहण्यासारखा असतो तो दुसरा स्तंभ, माझ्यासाठी कोणी बदलली हा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना तो रिकामा असेल असं वाटत होतं, आणि घरी काम करायला येणाऱ्या माणसाचं, रखवालदाराचं, रिक्षावाल्याचं नाव तिथे रोज येत राहिलं.

ओळख सत्ता ठरवते का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: सत्ता रकाने ठरवते, आणि माणसं रकान्यांच्या बाहेर सांडतात. पण सांडलेलं नोंदलं जात नाही, आणि जे नोंदलं जात नाही त्याला शाळा, दुभाषी किंवा पाठ्यपुस्तक मिळत नाही. पुढे आम्ही पद्धत बदलली. उत्तर घरातल्या कर्त्याकडून न घेता प्रत्येकाकडून वेगळं घ्यायचं, आणि सांगितलेली भाषा एका रकान्यात तर प्रत्यक्ष कानावर पडलेली दुसऱ्यात लिहायची. पण हे चार वर्षांनी. त्या आजींच्या घरी गेले तेव्हा माझ्या तक्त्याला सांकेतिक क्रमांकांची छापील यादी जोडलेली होती आणि त्यांच्या बोलण्याला त्यात क्रमांक नव्हता. मी मुलानं सांगितलेला क्रमांक लिहिला आणि पुढच्या घरी गेले. त्या गावाच्या तक्त्यात त्या भाषेसमोर आजही शून्य आहे, आणि खाली सही माझी आहे.